रॉबर्ट कोन्येच्नी : भिंती हलवणारा पोलिश वास्तुविशारद

आराखडा

स्थापत्यावरच्या धाग्यांत कॉर्बुझिए, लुई कान, दोशी, कोरिया ही नावं पुन्हा पुन्हा येतात आणि ती यायलाच हवीत. पण आज ऐन भरात काम करणाऱ्या माणसाबद्दल आपण क्वचितच बोलतो. म्हणून हा धागा. माणूस पोलंडचा आहे, नाव रॉबर्ट कोन्येच्नी. गेली काही वर्षं मी त्याचं काम चिकटून पाहते आहे आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

जन्म १९६९, कातोवित्से. दक्षिण पोलंडमधला हा सायलेसिया प्रांत म्हणजे कोळशाच्या खाणी, पोलादाचे कारखाने आणि लाल विटांच्या कामगार वस्त्या. शिक्षण शेजारच्याच ग्लिवित्सेला, सायलेसियन तंत्रविद्यापीठात. १९९९ मध्ये मार्लेना व्होल्निक यांच्यासोबत त्याने 'केडब्ल्यूके प्रोमेस' ही फर्म काढली. आज युरोपातले मोठे पुरस्कार तिच्या नावावर आहेत, पण पत्ता अजून कातोवित्सेचाच. वॉर्सॉला किंवा लंडनला जाण्याची गरज त्याला वाटली नाही, याचं मला फार अप्रूप आहे.

काळ लक्षात घ्या. १९८९ मध्ये पोलंडमधली कम्युनिस्ट राजवट गेली तेव्हा हा वीस वर्षांचा. त्याआधी इमारतींचे आराखडे प्रामुख्याने सरकारी संकल्पन कार्यालयांत व्हायचे. ती व्यवस्था मोडली आणि लोक स्वतःच्या पैशाने स्वतःची घरं बांधू लागले. बहुतेकांनी कॅटलॉगमधला तयार नकाशा विकत घेतला. ज्या थोड्यांनी वास्तुविशारद गाठला, त्यांच्यातल्या काहींची घरं याच्याकडे आली. त्याची सुरुवातीची कारकीर्द अशा खासगी घरांवरच उभी आहे.

आता ही घरं बघा.

ओपोलेजवळचं 'आट्रियल' घर, २००६ चं. प्लॉट मोठा, पण रस्ता एकाच बाजूने आणि नेमकी तीच बाजू उन्हाची. म्हणजे गाडीची वाट बागेच्या छातीवरून जाणार. कोन्येच्नीने वाट जमिनीखाली उतरवली. गाडी बागेच्या पातळीखालून थेट घराच्या मधल्या चौकात येते. बाग अखंड राहिली आणि बागेत जायचं तर घरातूनच जावं लागतं. आपल्या वाड्यांत चौक म्हणजे घरच्यांची आतली मोकळी जागा. इथे चौक आल्यागेल्याचा झाला आणि घर चारही बाजूंनी बागेकडे तोंड करून बसलं.

त्यानंतरचं 'आउट्रियल', क्शोंझेनित्से गावात, रानातल्या मोकळ्या गवताळ जागेवर. याने त्या गवताचा एक तुकडा जणू कापून वर उचलला आणि त्याखाली घर बसवलं. छपरावर हिरवळ आहे, पण बाहेरून तिथे चढता येत नाही, जिना घरातून. उघड्या आभाळाखाली असलेली, तरीही पूर्णपणे घरची अशी जागा.

मग वॉर्सॉजवळच्या ओक्शेशिनचं 'सुरक्षित घर'. मालकाची मागणी एकच, आत पूर्ण सुरक्षित वाटलं पाहिजे. उत्तर म्हणून जे झालं ते जगभर छापून आलं. घराच्या बाजूच्या जाडजूड भिंती मोटारवर सरकतात. सकाळी त्या घरापासून निघून कुंपणाला जाऊन भिडतात आणि मध्ये बंदिस्त अंगण तयार होतं. पाहुणा आधी या अंगणात थांबतो, मग घरात. मुलं अंगणात खेळली तरी रस्त्यावर जाऊ शकत नाहीत. खिडक्यांवर काँक्रीटची भक्कम झापं, दक्षिणेला काचेच्या भिंतीवर खाली येणारं प्रचंड ॲल्युमिनियमचं शटर, पोहण्याच्या तलावाकडे जायला उचलता येणारा पूल. रात्री सगळं मिटलं की उरतो एक करडा ठोकळा.

आणि त्याचं स्वतःचं घर, ब्रेन्ना गावातलं, बेस्किड डोंगराच्या उतारावर, २०१५ चं. नाव 'आर्क', म्हणजे महापुरातलं तारू. त्यावर सविस्तर बोलायचंय, पण बांधकामवाल्या मंडळींनी सुरुवात केली तर बरं.

माझं म्हणणं असं. कोन्येच्नीला लोक 'हलणाऱ्या घरांचा माणूस' म्हणून ओळखतात आणि तिथेच थांबतात. मला त्याची पद्धत महत्त्वाची वाटते. तो आकार मनात धरून सुरुवात करत नाही. जागेच्या अटी मांडतो, त्यात एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन गोष्टी कोणत्या ते शोधतो आणि तेवढा तिढा सोडवतो. दोन्ही अटी एका वेळी पाळता येत नसतील तर वेळ वाटून देतो : दिवसा ही, रात्री ती. भिंत हलते ती त्यामुळे. आणि हीच पद्धत पुढे त्याच्या सार्वजनिक इमारतींत आली तेव्हा एका शहराचा चौक बदलला.

श्चेचिन (पोलंड) आणि ओस्त्रावा (चेकिया) या शहरांतल्या त्याच्या कामांबद्दल प्रतिसादांत लिहीन. कुणी प्रत्यक्ष पाहिलं असेल तर आधी त्यांनी लिहावं.

कडूनिंब

लेख आवडला, पण 'सुरक्षित घरा'ला दाद द्यायला मन तयार होत नाही. सरकत्या भिंती, पूल, शटर. हा किल्ला आहे. पैसेवाल्या माणसाची भीती काँक्रीटमध्ये ओतलेली. शेजाऱ्याला काय दिसतं? रात्री एक बंद पेटी. वास्तुविशारदाने गिऱ्हाइकाला 'इतकं घाबरायचं कारण काय?' असं विचारायला हवं होतं. अटी पाळणं हे कौशल्य झालं, पण अट योग्य आहे का हेही तपासायला नको?

आराखडा

कडूनिंब, आक्षेप रास्त आहे आणि मला तो टाळायचा नाही. तरी दोन गोष्टी.

एक, दिवसाचं घर बघा. साधा बंगला उंच कुंपण घालून, लोखंडी जाळ्या बसवून चोवीस तास बंद असतो. हे घर दिवसभर जवळजवळ सगळं उघडं असतं, कारण रात्री मिटण्याची खात्री आहे. भीती गृहीत धरून त्याने उघडेपणा मिळवला.

दोन, त्यात उष्णतेचा हिशेब आहे. पोलंडचा हिवाळा लांब आणि उजेड कमी. दिवसा दक्षिणेचं ऊन मोठ्या काचांतून आत घ्यायचं आणि सूर्य गेला की सगळी कवचं मिटून ती ऊब धरून ठेवायची.

अट योग्य होती का, यावर मी तुमच्याशी अर्धी सहमत आहे. पण त्याच माणसाने नंतर सार्वजनिक जागेत काय केलं ते पाहून मग ठरवा.

सळई

आराखडाताई, 'आर्क'वर मी लिहितो. आरसीसीत (लोखंडी सळयांच्या काँक्रीटमध्ये) आयुष्य गेलंय आणि या घराचे सेक्शन, म्हणजे उभे छेद दाखवणारे नकाशे, मी खूप वेळ न्याहाळले आहेत.

जागा डोंगरउताराची, घसरणीचा धोका असलेली. अशा जागी नेहमीचा उपाय म्हणजे उतार कापायचा, सपाट बाक काढायचा, मागे माती अडवणारी रिटेनिंग वॉल बांधायची आणि त्या भिंतीमागे पाणी साठू नये म्हणून जन्मभर झगडायचं. याने उतार कापायचंच टाळलं. घर पुलासारखं धरलं. तळ सपाट न ठेवता उलट्या छपराच्या आकाराचा केला. वर उतरतं छप्पर, खाली तसंच उलटं. पावसाचं पाणी डोंगरावरून येतं आणि घराखालून निघून जातं. पाणी अडलं नाही की मातीवरचा दाब वाढत नाही. डोंगरात काम केलेल्या माणसाला यातली अक्कल लगेच कळेल.

दुसरी गंमत वळणाची. मूळ कल्पनेत घर एकमजली, पूर्ण लांबीने दरीकडे काच. पण मालक, म्हणजे तो स्वतःच, कामानिमित्त शहरात, घर बरेच दिवस रिकामं, आणि तळमजल्याला सगळी काच म्हणजे चोराला आमंत्रण. मग त्याने घर असं पिळलं की त्याचा एकच कोपरा जमिनीला टेकतो आणि बाकीचं अधांतरी राहतं. झोपायच्या खोल्या आपोआप पहिल्या मजल्याच्या उंचीवर गेल्या. उतार तसाच ठेवून सुरक्षितता मिळाली. जो कोपरा टेकतो तिथे उचलता येणारा जिना आहे. खाली सोडला तर पायऱ्या, वर ओढला तर खिडकीचं झाप. म्हणजे एकाच वस्तूकडून दोन कामं.

स्ट्रक्चरच्या दृष्टीने हे जमतं कसं? भिंत, छत आणि तळ एकसंध ओतले की सगळं मिळून एक पेटी होते. काँक्रीटची पूर्ण उंचीची भिंत खोल बीमसारखं काम करते, त्यामुळे लांब अधांतर पेलता येतं. सुट्या कॉलम-बीमच्या सांगाड्यावर असं पिळलेलं घर उभं करणं फार जड गेलं असतं.

अजून एक. बाहेरून काँक्रीट उघडं ठेवायचं म्हणून उष्णतारोधक थर आतून आहे, फवारलेल्या फोमचा. आतून थर दिला की थंड प्रदेशात मोठा धोका असतो. खोलीतली दमट हवा थरातून पलीकडे जाऊन गार काँक्रीटवर पाणी धरते आणि बुरशी येते. बंद पेशींचा फोम वाफ आरपार जाऊ देत नाही, म्हणून इथे ते चालतं. फोटोत हे काही दिसत नाही, पण घर टिकणार की नाही ते यावर ठरतं.

घाटमाथा

सळईकाका, हा प्रतिसाद जपून ठेवला. आर्किटेक्टच्या मासिकांत असं कुणी समजावत नाही. 'उतार कापायचंच टाळलं' हे वाक्य आमच्याकडच्या प्रत्येक फार्महाउसवाल्याला वाचून दाखवावंसं वाटतं.

ओडरकाठ

मी बर्लिनला असतो. श्चेचिन इथून जवळ, पोलंडची हद्द ओलांडली की आलंच. मुद्दाम ती इमारत बघायला गेलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी जागेची गोष्ट, कारण त्याशिवाय ही इमारत कळत नाही. १९४५ पर्यंत हे शहर जर्मन होतं, श्टेटिन. आज जिथे सॉलिडॅरिटी चौक आहे तिथे युद्धापूर्वी चार-पाच मजली घरांची दाट पेठ होती. मित्रराष्ट्रांच्या बॉम्बवर्षावात ती गेली. युद्धानंतर शहर पोलंडकडे आलं, जर्मन रहिवासी गेले, पोलिश लोक आले. पेठेची जागा मोकळीच राहिली.

डिसेंबर १९७०. नाताळच्या तोंडावर सरकारने अन्नधान्याच्या, मांसाच्या किमती वाढवल्या. बाल्टिक किनाऱ्यावरच्या गोदीकामगारांनी संप केला. १७ डिसेंबरला श्चेचिनमध्ये कामगार रस्त्यावर आले, कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यालयाला आग लावली, सैन्य आणि मिलिशियाने (म्हणजे तेव्हाच्या पोलिसांनी) गोळीबार केला. या शहरात १६ माणसं मारली गेली. त्यातलं बरंच काही या चौकाच्या अवतीभवती घडलं. मिलिशियाचं मुख्यालय असलेली लाल विटांची इमारत अजूनही पोलिसांकडे आहे, चौकातून दिसते. चौकात 'स्वातंत्र्याची देवदूत' हा पुतळा आहे, २००५ चा.

म्हणजे जागेची दोन रूपं. युद्धापूर्वीची बंदिस्त पेठ आणि युद्धानंतरचं रिकामं मैदान, जिथे लोक जमले आणि मेले. इथे शहराच्या आधुनिक इतिहासाचं संग्रहालय हवं होतं. कोन्येच्नीने ते जमिनीखाली घातलं आणि छप्पर म्हणजेच चौक केला. चौकाचे दोन समोरासमोरचे कोपरे मात्र उचलले. त्या उंचवट्यांमुळे पेठेची कड परत मिळते आणि मधला भाग मैदान म्हणून मोकळा राहतो. नाव 'संवाद केंद्र प्शेवोमी'. राष्ट्रीय संग्रहालयाची शाखा आहे, २०१६ साली सुरू झाली.

प्रत्यक्षात काय वाटतं? पोचल्यावर मी आधी शेजारच्या फिलहार्मोनिककडे, म्हणजे संगीतसभागृहाकडे, बघत राहिलो, पांढरीशुभ्र, टोकदार छपरांची, रात्री आतून उजळणारी इमारत. बारोझी-वेगा यांची, तिला २०१५ चा मीस व्हान डेर रोहे पुरस्कार, म्हणजे युरोपीय संघाचा समकालीन स्थापत्याचा पुरस्कार, मिळालाय. पलीकडे सेंट पीटर-पॉलचं जुनं विटांचं चर्च. आणि संग्रहालय कुठे? मी त्याच्यावरच उभा होतो. पायाखाली काँक्रीटच्या फरशा, हळूहळू चढत जाणाऱ्या. वर जाऊन कडेला टेकलो तर खाली वाहता रस्ता. फरशीचे जे तुकडे चौकात आहेत तेच कोपऱ्याला उभे राहून भिंत होतात. त्या भिंतीतले काही तुकडे फिरतात, म्हणजे तीच दारं. बंद असताना हात फिरवूनही लवकर कळत नाही की दार कुठलं.

आत अंधार. बाहेर सगळं करडं-पांढरं आणि आत काळं, दिवे फक्त वस्तूंवर. १९३९ पासून १९८९ पर्यंतचा श्चेचिनचा प्रवास : युद्ध, निर्वासित, १९७०, १९८० चे 'सॉलिडॅरिटी' कामगार संघटनेचे संप. डिसेंबर १९७० च्या दालनात मी बराच वेळ होतो. एक आजी तिथल्या फोटोंसमोर नातवाला बोट दाखवून काहीतरी सांगत होत्या. भाषा कळली नाही, पण त्या फोटोतल्या एका गल्लीकडे परत परत बोट नेत होत्या.

बाहेर आलो तर चढावर मुलं स्केटबोर्ड घेऊन. खाली मृतांची नावं, वर चाकांचा खडखडाट. त्यावर शहरात बराच वाद झाला आहे, आणि तो वाद मला खोटा वाटत नाही.

या इमारतीला २०१६ मध्ये दोन मोठे मान मिळाले. युरोपचा सार्वजनिक नागरी जागेसाठीचा पुरस्कार, आणि बर्लिनच्या जागतिक स्थापत्य महोत्सवात वर्षातली सर्वोत्तम इमारत.

पंचगंगा

ओडरकाठ, तुमच्या 'पोलिश लोक आले' या तीन शब्दांवर मी अडखळले, कारण त्यांचा एक धागा आमच्या कोल्हापुरात येतो.

श्चेचिनमध्ये १९४५ नंतर आलेल्यांत मोठा भाग पोलंडच्या पूर्वेकडच्या मुलखातल्या लोकांचा होता. तो मुलूख सोव्हिएत संघाने घेतला आणि तिथल्या पोलिश कुटुंबांना नव्या पश्चिमेकडे हलवलं. त्याच मुलखातले लाखो लोक त्याआधी, १९४० नंतर, सैबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार झाले होते. त्यांच्यातले काही इराणमार्गे हिंदुस्थानात पोचले. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश छावणी होती, सुमारे पाच हजार माणसांची, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, दवाखाना, सगळं त्यांचं त्यांनी उभं केलं. कोल्हापुरात त्यांचं स्मारक आहे आणि तिथे वाढलेली मुलं म्हातारपणी भेटायला येऊन गेली.

म्हणजे एकाच गावातली दोन घरं अशी असू शकतात की एक वळिवड्याला आलं आणि दुसरं श्चेचिनला. तुम्ही लिहिलेलं संग्रहालय या लोकांच्या मुलानातवंडांसाठी आहे. आपलं नसलेलं शहर त्यांना आपलं करायचं होतं. आपण कुणाच्या मोडलेल्या पेठेवर राहतोय हे त्यांना माहीत आहे. अशा ठिकाणी छाती पुढे काढून उभी राहणारी इमारत नको होती, हे मला आता समजतंय.

आराखडा

पंचगंगा, तुमचा प्रतिसाद मूळ लेखात असायला हवा होता. मनापासून धन्यवाद.

ओडरकाठ यांनी लिहिलंय की फिलहार्मोनिककडे बघताना संग्रहालय सापडेचना. स्पर्धा, जागा, बजेट सगळं हातात असताना शेजारच्या इमारतीला पुढे करून स्वतः जमिनीत जाणं, याला फार मोठा आत्मविश्वास लागतो. आमच्या क्षेत्रात हे दुर्मीळ आहे. प्रत्येकाला आपली इमारत पोस्टकार्डवर हवी असते.

कडूनिंब

चौकाचं काम पाहिलं आणि माझा सूर बदलला. 'सुरक्षित घरा'बद्दलचं मत कायम आहे, पण तीच युक्ती इथे उलट वापरलेली दिसते. तिथे घर लोकांपासून मिटतं, इथे इमारत स्वतः मिटते आणि लोकांना जागा देते.

स्केटबोर्डबद्दल मात्र मला बोलायचंय. ज्यांचे भाऊ, वडील तिथे गेले त्यांना चाकांचा आवाज बोचणारच. त्यांना 'जागा जिवंत राहायला हवी' हे ऐकवणं सोपं आहे. पण चढ दिला, गुळगुळीत पृष्ठभाग दिला, की मुलं येणार हे वास्तुविशारदाला ठाऊक असतंच. मग तो निर्णय त्याचा झाला.

ओडरकाठ

हो, निर्णय त्याचाच आहे आणि मला तो पटतो. डिसेंबर १९७० ला रस्त्यावर आलेले बरेच जण विशी-बाविशीतले कामगार होते. कडक शिस्तीचं, दोरी लावलेलं स्मारक चौकात आधीच आहे, पुतळ्यापाशी लोक फुलं ठेवतात. त्याच्या बाजूला मुलांना यावंसं वाटणारी जागा असणं मला अपमान वाटत नाही. त्यांच्यातली काही तरी आत उतरतात. तरी एक मान्य : ज्याचं माणूस गेलं त्याने माझ्याशी सहमत व्हावं अशी अपेक्षा मी करणार नाही.

शेवटचं_सेमिस्टर

बी.आर्क.च्या शेवटच्या वर्षाला आहे. थीसिससाठी जुन्या औद्योगिक इमारतीचा पुनर्वापर घेतलाय. गाईड म्हणतात ओस्त्रावाचं उदाहरण बघ. नेटवर फोटो खूप आहेत, पण नेमका विचार काय होता हे कुणी नीट सांगेल का?

आराखडा

सांगते, कारण मला वाटतं ते त्याचं सगळ्यात परिपक्व काम आहे.

ओस्त्रावा चेकियात आहे, पण कोळसा-पोलादाच्या त्याच पट्ट्यात, कातोवित्सेपासून शंभरेक किलोमीटरच्या आत. धुराने काळ्या झालेल्या विटा म्हणजे काय हे कोन्येच्नीला कुणी शिकवायची गरज नव्हती. शहराच्या मध्याजवळ एकोणिसाव्या शतकातला नगरपालिकेचा कत्तलखाना होता, बरीच वर्षं पडीक, भिंतींना ठिकठिकाणी भगदाडं. नगरपालिकेच्या 'प्लाटो' या समकालीन कलादालनासाठी ती इमारत द्यायची ठरली. स्पर्धा झाली, केडब्ल्यूके प्रोमेस जिंकली, २०२२ मध्ये काम पुरं झालं.

आता तिढा बघ. वारसा जपणारे म्हणणार, भगदाडं बुजवा, भिंत पूर्वीसारखी करा. कलादालनवाले म्हणणार, मोठ्या वस्तू आत-बाहेर न्यायला मोठी दारं हवीत. भगदाडं बुजवली तर दारं नाहीत, उघडी ठेवली तर भिंत नाही. त्याने भगदाडाच्या मापाचेच भिंतीचे तुकडे केले आणि ते फिरते ठेवले. अशा सहा जागा आहेत. मिटल्या की भिंत अखंड, फिरवल्या की दालन थेट बाहेर उघडतं, कलाकाराचं काम आणि माणसं दोन्ही बाहेर येऊ शकतात. कला बघायला तिकीट काढून जड दार ढकलून आत जावं लागतं, हा अडसरच गेला.

जवळून बघण्यासारखी गोष्ट म्हणजे त्या तुकड्यांचा पृष्ठभाग. ते मायक्रोकाँक्रीटचे आहेत आणि जुन्या भिंतीवरची विटांची नक्षी, पट्टे, कमानी त्यात तशाच उमटवल्या आहेत. रंग मात्र काँक्रीटचा, करडा. शेजारी खरी वीट, काजळी धरलेली, डागांसकट ठेवलेली. इमारतीचा जो भाग उरलाच नव्हता तोही याच रीतीने उभा केला. त्यामुळे जुनं किती आणि नवं किती हे लहान मुलालाही कळतं, तरी इमारत एकच दिसते. खोटं जुनेपण कुठे नाही आणि 'मी नवा आहे बघा' असा आरडाओरडाही नाही.

आजूबाजूची जमीन विसरू नकोस. तिथे फरसबंदी करून वाहनतळ करणं सहज शक्य होतं. त्याऐवजी पाणी मुरेल अशी जमीन, पावसाचं पाणी धरणारे खोलगट भाग आणि झाडं. जिथे शतकभर धूर खाल्ला त्या शहरात हे फक्त सुशोभन नाही.

२०२४ च्या मीस व्हान डेर रोहे पुरस्काराच्या अंतिम पाच इमारतींत 'प्लाटो' होती. पुरस्कार ब्राउनश्वाइग विद्यापीठाच्या अभ्यासमंडपाला गेला, तोही सुंदर आहे.

थीसिसमध्ये फोटो चिकटवू नकोस. भगदाड हे दार कसं झालं, तेवढा एक सेक्शन स्वतः काढ. दहा फोटोंपेक्षा जास्त कळेल.

सळई

सेमिस्टर, ताईंचं ऐक, आणि सेक्शन काढताना एक प्रश्न स्वतःला विचार : फिरत्या भिंतीचं वजन कुठे जातं? दार चौकटीत बिजागरीवर लटकतं, इतकी जड भिंत लटकवता येत नाही. ती मधल्या आसावर उभी राहते, खाली बेअरिंग, वर धरून ठेवणारा आधार. जुन्या विटांच्या भिंतीवर हे वजन टाकायचं नाही, कारण ती आधीच दमलेली. मग शेजारी लपवलेली वेगळी चौकट लागते. कडेची फट किती, तिथे गॅस्केट कुठलं, बर्फ साचला तर काय, हे सगळं काढल्यावर तुला कळेल की गुळगुळीत फोटोमागे किती ड्रॉइंग असतात.

मूळ धाग्याबद्दल एक शंका. हलणाऱ्या गोष्टींना देखभाल लागते. मोटार, रूळ, सेन्सर. आपल्याकडे सोसायटीची लिफ्ट वर्षभर नीट चालवताना दमछाक होते. 'क्वाड्रंट' नावाच्या त्याच्या घराची गच्ची म्हणे उन्हामागे पाव वर्तुळात फिरते. वीस वर्षांनी ती फिरत असेल का?

आराखडा

सळईकाका, हा प्रश्न मलाही पडतो आणि त्याचं उत्तर काळच देईल. 'क्वाड्रंट'ची छपरासकट गच्ची घराच्या दोन भागांमध्ये घड्याळाच्या काट्यासारखी सरकते. एका टोकाला दिवाणखान्याला लागते, दुसऱ्या टोकाला पोहण्याच्या भागाला. इतर घरांत हलण्याला सुरक्षिततेचं किंवा वाटेचं सबळ कारण आहे. इथे कारण सावलीचं. मला ते कारण तेवढं भारी वाटत नाही. झाडही सावली देतं.

पण त्याच्या कामात न हलणारंही पुष्कळ आहे आणि त्यावर कमी बोललं जातं. प्श्चिना गावातलं 'स्टँडर्ड' घर बघा. कॅटलॉगमध्ये विकायच्या नकाशासाठी केलेली कल्पना. तयार नकाशाची अडचण ही की कुणाच्या प्लॉटला सूर्य कुठून येईल ते माहीत नसतं. चौकोनी घर प्लॉटवर फिरवता येत नाही, कुंपणाशी तिरकं दिसतं. मग याने आराखडा गोल घेतला. गोल घर कुठल्याही दिशेला फिरवून बसवा. मोटार नाही, रूळ नाही, घर फक्त बांधण्यापूर्वी एकदा फिरतं. ज्या कॅटलॉगी घरांना बहुतेक वास्तुविशारद नाकं मुरडतात, त्या प्रश्नावर त्याने डोकं चालवलं, यासाठी मला तो फार जवळचा वाटतो.

घाटमाथा

गोल घराचं माहीत नव्हतं. सगळ्यांनी फार कष्टाने लिहिलंय. पुढच्या वर्षी मुलगी जर्मनीत शिकायला जातेय, तिच्याकडे जाणं होईल तेव्हा यातलं काय बघून होईल? आम्ही दोघं साठीच्या पुढचे.

ओडरकाठ

घाटमाथा, श्चेचिन नक्की. बर्लिनहून रेल्वेने साधारण दोन तास, सकाळी निघून रात्री परत येता येतं. सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी संग्रहालयं बऱ्याचदा बंद असतात. वेळ आधी बघून घ्या. स्टेशनपासून चौक चालत जमेल, ट्रामही आहे. पोलंडमध्ये युरो चालत नाही, झ्लोटी लागतात, पण कार्ड सगळीकडे घेतात. संध्याकाळी फिलहार्मोनिकचा कार्यक्रम मिळाला तर सोडू नका.

ओस्त्रावा लांब पडेल, तिकडे जायचं तर प्राग किंवा क्राकोव्हला मुक्काम धरून. आणि ब्रेन्ना, ओक्शेशिनची घरं ही लोकांची राहती घरं आहेत, ती फोटोतच बघावीत.

आराखडा

घाटमाथा, चौकात गेलात तर काका-काकूंनी एक काम करा. आत जाण्याआधी चढावर जाऊन बसा आणि चर्च, फिलहार्मोनिक, पोलिसांची लाल इमारत एका नजरेत येतात ती जागा शोधा. तिथून एक फोटो इथे टाका. श्चेचिनच्या हिवाळ्यात फरशी घसरते म्हणतात, तेव्हा मे ते सप्टेंबर बरा.

सेमिस्टर, सेक्शन झाला की याच धाग्यावर टाक. सळईकाका तपासून देतील.

सळई

देतो. बेअरिंगचं डिटेल १:१० मध्ये काढ, त्याहून लहान स्केलला त्यातलं काही कळत नाही.